भाभीच्या तपाचे दिवस

आमच्या जैन घरात मोठ्यानं वाचलं जाई ते फक्त धर्माचं. सकाळी बाई सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानपाठाला, बसली की तोंडावर पांढरी मुहपत्ती बांधायची आणि एका सुरात स्तोत्र वाचायला लागायची. बाई म्हणजे माझी आई. आमच्याकडं आईला बाईच म्हणायचे. कापडाआडून तिचा आवाज दबलेला, जरा दमट यायचा, आणि तो संपेपर्यंत घरात कुणी भांडं आपटायचं नाही. खाली बाबूजींचं कापडाचं दुकान होतं, वर आम्ही राहायचो. दुकान उघडलं की दिवसभर कापड फाडल्याचा आवाज जिन्यानं वर यायचा. आधी कात्रीची बारीकशी कुरतड, मग दोन्ही हातांनी एका दमात चर्र. जुन्या जालन्याच्या त्या बोळात हातगाड्यांचा खडखडाट, हमालांचं 'बाजू, बाजू', सायकलींच्या घंट्या, समोरच्या धान्याच्या दुकानातली भावाची घासाघीस, हे सगळं एकमेकांत मिसळून आमच्या खिडकीपर्यंत पोचायचं. घरात आम्ही मारवाडी बोलायचो, जिन्यावर हिंदी, बोळात मराठी. कोणत्या पायरीवर कोणती भाषा बदलायची हे पायांनाच ठाऊक असायचं.

माझ्या भावाशी लग्न होऊन कांता भाभी आली आणि ही वाटणी बिघडली. ती वाटूरची. तिच्या वडिलांचं फाट्यावर किराणा दुकान होतं. त्या गावात मारवाड्यांची घरं दोन-चारच, त्यामुळं ती वाढली शेजारच्या शेतकऱ्यांच्या पोरींबरोबर. तिच्या मारवाडीत मराठी शिरायची आणि आमच्याकडच्या बायका पदराआड हसायच्या. मोठी काकी, म्हणजे बाबूजींच्या थोरल्या भावाची बायको, तिला तोंडावर 'मराठण' म्हणायची. भाभी मला एकदा म्हणाली होती की गावात सगळे मला मारवाड्याची पोर म्हणायचे, आणि इथं आल्यावर मराठण झाले, मग मी हाय कोण? ती हे हसत म्हणाली होती, म्हणून मीही हसले होते.

तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली पुस्तकं होती. सगळी मराठी, सगळी फाटकी. तिच्या वडिलांच्या दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, त्या रद्दीत कधी कादंबऱ्या असायच्या, कधी कथांची पुस्तकं. चहा-साखरेच्या पुड्यांसाठी पानं फाडली जाण्याआधी ती जमेल तेवढी वाचून घ्यायची आणि एखादं पुस्तक फ्रॉकच्या आत घालून पळवायची. त्यामुळं तिच्या एकाही पुस्तकाला धड सुरुवात नव्हती, नाहीतर शेवट नव्हता. दुपारी बाई लवंडली की भाभी माळ्याच्या खोलीत ती वाचायची. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. सगळ्यांसमोर ती मला बाईसा म्हणायची, नणंदेला म्हणतात तसं, आणि माळ्यावर सुशी. मला मराठी पुस्तकं शाळेत धड्यापुरती माहीत होती. धड्याबाहेरही माणसं असतात, ती उपाशी राहतात, गाव सोडतात, देवाशी भांडतात, हे मला भाभीच्या त्या फाटक्या पानांतून कळलं.

लग्नाला काही वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिले नाहीत. दुसऱ्या वेळेनंतर ती पुष्कळ दिवस गप्प होती. त्या वर्षी चातुर्मासाला आमच्या स्थानकात, म्हणजे प्रवचनाच्या धर्मस्थानात, साध्वीजी आल्या होत्या. त्यांना आम्ही महासतीजी म्हणायचो. एका सकाळी प्रवचनानंतर मोठी काकी बाईला म्हणाली की सुनेकडून अठाई करून घे, आठ उपवास, सगळं सुरळीत होईल. बाईनं भाभीला विचारलं, भाभी हो म्हणाली. बाईनं ते मनापासून विचारलं होतं. तिनं स्वतः तरुणपणी मोठी तपं केली होती, आणि दुःखावर तिला ठाऊक असलेलं औषध तेच होतं. हे मला आज लिहिताना नीट दिसतं, तेव्हा दिसत नव्हतं.

अठाई झाली. भाभीच्या चेहऱ्यावर तेज आलं, असं सगळे म्हणाले. पारणं करायच्या दिवशी घरात नातेवाईक जमले होते आणि कुणीतरी म्हणालं, एवढं सुखानं झालंय तर पुढं का नाही? दुसरं म्हणालं, मासखमणच होऊ दे. महिनाभराचा उपवास आमच्या कुळात बाईनंतर कुणी केलेला नव्हता. सगळे भाभीकडं बघायला लागले. तिनं खाली बघत मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मी अगदी जवळ बसले होते तरी मला सांगता आलं नसतं. काकीनं मात्र लगेच तिच्या कपाळाला केशर लावलं.

त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली, आणि ती कमी झालीच नाही.

भीतीचं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी लहान असताना आमच्या बोळातल्या एका म्हातारीनं संथारा घेतला होता. अन्नपाणी सोडून शांतपणे मरणाला सामोरं जायचं, असं ते व्रत. ती गेली तेव्हा तिला आडवं नेलं नाही. सजवलेल्या डोलीत मांडी घालून बसवली होती, चेहरा उघडा, कपाळावर केशर, अंगावर नवी शाल, पुढं बँड. मला वाटलं ती देवदर्शनाला चालली आहे. मी खिडकीतून हात हलवला. डोली वळताना तिची मान एका बाजूला कलली आणि एका माणसानं हलकेच सरळ केली, तेव्हा मला कळलं. आणि तप पूर्ण करणाऱ्यांची मिरवणूकही अशीच निघते. तसाच बँड, तशीच शाल, तसंच केशर. एका मिरवणुकीतली बाई घरी परत येते, दुसरीतली येत नाही, एवढाच फरक. बाबूजींनी भाभीच्या मिरवणुकीसाठी बँडवाल्याला सांगून ठेवलं आहे हे ऐकलं तेव्हा मी ती खिडकीच लावून घेतली.

तपाच्या घराला एक वेगळीच शांतता येते. फोडणीचा वास वर जाऊ नये म्हणून बाई मागच्या बाजूला, दार लावून स्वयंपाक करायची. भाद्रपदात आमच्याकडं हिरवी भाजी बंद असायची, त्यामुळं गट्टे, मंगोड्या, पापडाची भाजी, कढी असंच चालायचं. कढीला मोहरी-मेथीची फोडणी बसली की मी माळ्याच्या खिडकीची दारं लावून घ्यायची. भाभीला फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. पितळी पातेल्यात पाणी उकळायचं, परातीत ओतून निववायचं, फडक्यानं गाळायचं, हे काम माझ्याकडं होतं. दिवस कलायला लागला की मी पेला घेऊन माळ्यावर जायची आणि शेवटचं पाणी द्यायची. पलीकडच्या गच्चीवरचं ऊन सरकत कठड्यावर गेलं की संपलं. त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही. ती पेला रिकामा करून मला परत द्यायची तेव्हा मला वाटायचं, आपण हिच्या हातून काहीतरी काढून घेतोय.

संध्याकाळी बायका गाणी म्हणायला यायच्या. ढोलकी असायची. आलेली प्रत्येक बाई भाभीसमोर हात जोडून विचारायची, "साता है?" म्हणजे सुखरूप आहेस ना. याचं उत्तर ठरलेलं असतं, देवगुरूंच्या कृपेनं साता आहे. भाभी ते उत्तर द्यायची. सुरुवातीला हसून, नंतर नुसतं ओठ हलवून. एकदा माझा भाऊ दुकानातून वर आला आणि दारातच उभा राहून त्यानंही तेच विचारलं, "साता है?" एखाद्या परक्या बाईला विचारावं तसं. भाभीनं त्यालाही तेच उत्तर दिलं. तो थोडा वेळ चौकटीला धरून उभा राहिला आणि खाली गेला. घाबरलेला होता तोही. पण आमच्या घरात पुरुषांनी घाबरायची सोय नव्हती.

दिवसाचा वेळ जाता जात नाही म्हणून भाभीनंच मला वाचून दाखवायला सांगितलं. तिला स्वतःला अक्षरं फिरल्यासारखी दिसायला लागली होती. तपात धर्माचं ऐकावं अशी रीत, आणि सकाळी बाई तिला ते वाचून दाखवायचीच. दुपारी मात्र बाई थकून झोपायची किंवा स्थानकात जायची. तेव्हा मी ट्रंक उघडायची. खरं सांगायचं तर भाभीला पहिल्यांदाच कुणी काम सांगत नव्हतं, पोळ्या कमी पडल्या म्हणून हाक मारत नव्हतं. ती आडवी पडून गोष्ट ऐकू शकत होती. ती एकदा म्हणाली, "उपाशी राह्यल्यावर कळलं, बाईमाणसाला निवांत झोपू देत्यात." मला ते ऐकून कसंतरीच झालं.

ज्या कादंबरीत आम्ही होतो तिला पुढचं मागचं काहीच नव्हतं, त्यामुळं तिचं नाव मला कधी कळलं नाही. हौसा नावाच्या बाईची गोष्ट होती. दुष्काळात तिची माणसं नदी ओलांडून खडी फोडायला जातात. अलीकडचे तिला पलीकडची म्हणतात आणि परत गेली की पलीकडचे अलीकडची म्हणतात. तिच्या बोचक्यात एक लाकडी देव असतो. खडी फोडून झाली की ती त्याच्यापुढं बसते आणि दिवसभराचं सगळं ऐकवते, आणि तो काही बोलत नाही म्हणून त्याला रागावते. हे आलं की भाभी डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, परत वाच. मी परत वाचायची. पुढं मी लेखिका झाल्यावर मला एका कार्यक्रमात एकानं विचारलं होतं, तुम्ही मारवाडी असून मराठीत कशा लिहायला लागलात? मी काहीतरी उत्तर दिलं. खरं उत्तर हे आहे की मराठी मला माळ्यावर, एका उपाशी बाईच्या उशाशी, घाबरत घाबरत मोठ्यानं वाचताना आली.

भाद्रपद पुढं सरकला तशी भाभी बारीक होत गेली. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. स्थानकापर्यंत चालवेना म्हणून रोजचं पचक्खाण द्यायला, म्हणजे त्या दिवसाच्या उपवासाचा नियम द्यायला, महासतीजी सकाळी घरी येऊ लागल्या. भाभीचे हात गार असायचे आणि बोलताना ती शब्दांच्या मध्ये थांबायची. मी बाईला म्हटलं, डॉक्टरला दाखवू या का? बाई म्हणाली की तपात अशक्तपणा येतोच, मलाही आला होता, नजर लावू नको. पण हे म्हणताना ती पीठ चाळत होती आणि चाळून झालेलं पीठच पुन्हा चाळत होती.

मग ती दुपार आली. बाई आणि काकी दुसऱ्या एका तपस्विनीची साता विचारायला नवीन जालन्याकडं गेल्या होत्या. खाली दुकानात गिऱ्हाईक होतं, कापड फाटत होतं. मी हौसाची गोष्ट वाचत होते. भाभीचं हुं हुं चालू होतं, ते थांबलं. मी वर बघितलं. तिचे डोळे अर्धे उघडे होते आणि मान उशीवरून एका बाजूला कलली होती.

मला त्या डोलीतली म्हातारी दिसली. मी भाभीचा खांदा हलवला. तिनं थोड्या वेळानं, फार लांबून आल्यासारखं, माझ्याकडं बघितलं. मी उठून खाली बाबूजींना सांगायला निघाले तर तिनं माझं मनगट धरलं. त्या पकडीत जोर नव्हता, पण सोडवून घेण्याची माझी हिंमत झाली नाही. ती म्हणाली, कुणाला सांगू नको, बाईला वाईट वाटंल, वाच पुढं. मी पुस्तक उचललं. आवाज मोठा केला, म्हणजे ती झोपणार नाही. आणि दोन पानांनी पुस्तक संपलं. पुढं नुसता दोरा होता आणि वाळलेली खळ.

मी थांबले की भाभीचे डोळे मिटायला लागायचे. म्हणून मी थांबले नाही. कोऱ्या हवेत बघत, वाचल्यासारखं करत, मी म्हणाले की हौसा खडीच्या ढिगावरून उठली आणि घराकडं निघाली.

"हे पुस्तकात न्हाई," भाभी डोळे न उघडता म्हणाली.

"आहे."

"न्हाई. शेवट म्या वाचल्ता वाटूरला. मंग दुकानात कागद कमी पडला, तवा म्याच ती पानं फाडून दिल्ती."

मी विचारलं, काय होतं शेवटी? ती म्हणाली, "मरती. देवापुढं डोकं टेकून मरती. सगळे म्हणत्यात, पुण्यवान बाई व्हती." आणि माझं मनगट किंचित दाबून म्हणाली, "तुझं सांग. तुझ्यात काय करून राह्यली ती?"

मी म्हणाले, तिनं चूल पेटवली. पीठ मळलं. भाकरी थापली.

"कशाची?"

"ज्वारीची."

"संगट काय हाय?"

मी म्हणाले, लसणाचा ठेचा. लसणाचं आमच्या घरात चातुर्मासात कुणी नावही घ्यायचं नाही. माझ्या तोंडून शब्द गेला आणि मी दाराकडं बघितलं. भाभीच्या ओठांवर हसू आलं. "हौसाला चालतोय," ती म्हणाली. मी सांगत गेले. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली, ती फुगली, तिला एका जागी भोक पडून वाफ निघाली, हौसानं ती दोन हातांनी मोडली. पहिला घास घेताना तिला हाताला चटका बसला. एकटीनंच खाल्ली का, भाभीनं विचारलं. मी म्हणाले, एकटीनं, सगळी. मग तांब्याभर पाणी प्याली, आणि देवाला म्हणाली, आता बोल.

तिनं आवंढा गिळला आणि तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात गेलं. ती म्हणाली, "सुशी, मला भ्या वाटून राह्यलं. न्हाई म्हणाया तोंड उघडते आन् दुसरंच निघतंय."

मी तिला पाणी पाजलं. ऊन अजून गच्चीवर होतं. बाई आणि काकी परत आल्या तेव्हा मी जिन्यावर बसले होते. आता मला दुहेरी भीती होती. एक, भाभी मरेल. दुसरी, मी पाप केलं. आमच्याकडं लहानपणापासून शिकवतात की दुसऱ्याच्या तपात आडवं येऊ नये. त्याला अंतराय म्हणतात, आणि अंतरायाचं कर्म जन्मोजन्मी फेडावं लागतं. उपाशी तपस्विनीपुढं भाकरीचं वर्णन करणं याहून मोठा अंतराय काय असेल? पण घरात तोंड उघडलं तर भाभीचं बोलणंही बाहेर येणार होतं. मी पायात चपला घातल्या आणि कुणाला न सांगता स्थानकाकडं निघाले.

महासतीजी खांबाला टेकून बसल्या होत्या आणि शेजारी एक तरुण साध्वी वस्त्रं घडी घालत होती. मी पाया पडले. त्या म्हणाल्या, "दया पालो," हा त्यांचा नेहमीचा आशीर्वाद. मग माझ्याकडं बघून त्यांनी तरुण साध्वीला आत पाठवलं. मी सगळं सांगून टाकलं. पुस्तक, भाकरी, लसूणसुद्धा. फक्त भाभी काय म्हणाली ते सांगताना अडखळले, पण तेही सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील, नाहीतर प्रायश्चित्त देतील. त्यांनी मला पुस्तकाबद्दल विचारलं, ती बाई देवाशी भांडायची का? मी म्हणाले, रोज. त्यांनी मान हलवली. मग एवढंच म्हणाल्या की तप शक्तीप्रमाणे करायचं असतं आणि पचक्खाण जो मागतो त्यालाच दिलं जातं. घरी जा, पाण्याची वेळ टळेल. मी धावत आले. कठड्यावर उन्हाची एक पट्टी उरली होती.

सकाळी आमची माडी बायकांनी भरली होती. मासखमण जवळ येत चाललं तशी गर्दी वाढत होती. भाभीला भिंतीला टेकवून बसवलं होतं, डोक्यावर पदर, कपाळाला केशर. मी दाराशी उभी होते आणि तिच्याकडं बघण्याचा धीर होत नव्हता. महासतीजी आल्या, पाटावर बसल्या आणि रोजच्यासारखं विचारलं, आज की भावना क्या है? रोज भाभी म्हणायची, उपवास. त्या दिवशी ती काही बोलली नाही. पंख्याचा आवाज यायला लागला. मोठी काकी म्हणाली, हिची तर मासखमणाची भावना आहे, महासतीजी. महासतीजींनी तिच्याकडं बघितलंही नाही.

"तप जिसका है, बोलेगी भी वही," त्या म्हणाल्या.

भाभीनं तोंड उघडलं, मिटलं. तिचे ओठ वाळून पांढरे झाले होते. मला वाटलं ती उपवास म्हणणार. सगळ्या बायकांच्या नजरा तिच्या ओठांवर होत्या आणि त्या नजरांमध्ये प्रेमही होतं, ते मी नाकारत नाही. म्हणूनच नाही म्हणणं एवढं अवघड होतं. मग भाभी बोलली. मारवाडीत नाही, हिंदीत नाही. वाटूरच्या मराठीत.

"मला भूक लागून राह्यली," ती म्हणाली.

काकीच्या हातातली जपमाळ थांबली. बाई उठली. पदर सावरून ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले. आता ती बाहेर येऊन काय बोलेल याची मी वाट बघत होते, आणि तेवढ्या वेळात मी ठरवलं की सगळा दोष माझ्यावर घ्यायचा. पण स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. पुष्कळ वेळानं बाई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मुगाच्या पाण्याची वाटी होती. वाटी इतकी काठोकाठ भरली होती की पाणी तिच्या बोटांवरून ओघळत होतं. महासतीजींनी मांगलिक, म्हणजे मंगलपाठ, म्हटलं. बाई भाभीसमोर बसली आणि चमचा तिच्या ओठांना लावला. भाभीनं घोट घेतला. बाई हलक्या आवाजात म्हणाली, हळू, एकदम नको. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

पुढचं इथंच सांगून टाकते. संध्याकाळी डॉक्टर आले आणि बाहेर येऊन बाबूजींशी बंद दाराआड बोलले. बाबूजींनी बँडवाल्याला नको म्हणून कळवलं आणि कित्येक दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. भाभीला सावरायला दिवाळी उलटली. मूल तिला पुढंही झालं नाही. समाजात बोलणं व्हायचं ते झालं; काकी तर शेवटपर्यंत म्हणत राहिली की दोघी पोरी मराठी पुस्तकांनी बिघडल्या, आणि यात ती अगदीच चूक होती असं मला म्हणता येत नाही. माझा भाऊ त्यानंतर वर आला की साता विचारायचा नाही, पलंगाच्या कडेला बसायचा. भाभी आज सत्तरीला आली आहे, त्याच माडीवर राहते, आणि माझं छापून आलेलं सगळं वाचते. शेवट आवडला नाही तर तसं सांगते. महासतीजी चातुर्मास संपल्यावर पायी पुढं गेल्या, त्यांना मी पुन्हा बघितलं नाही. अंतरायाची भीती माझ्या मनातून गेली असंही नाही. एखाद्या उपवासाच्या दिवशी ती येऊन बसते.

पण सगळ्यात जास्त घाबरले मी त्याच दिवशी संध्याकाळी. बायका नेहमीच्या वेळी गाणी म्हणायला आल्या. सकाळची गोष्ट सगळ्या जालन्याला कळलेली होती, तरी आल्या, की बघायलाच आल्या, ते देव जाणे. खाली जिन्यात त्यांची कुजबुज ऐकू येत होती, ती थांबली. मोठी काकी सगळ्यात पुढं होती. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागं, भिंतीला पाठ लावून. आत भाभी जागी होती. बाईच्या तोंडून आता जे निघेल ते भाभीला जन्मभर ऐकावं लागणार, हे मला कळत होतं, आणि बाईच्या मनात काय आहे ते मला अजिबात कळत नव्हतं.

बाई म्हणाली, "आमच्या सुनेचं तप पूर्ण झालं."

काकीनं खालून विचारलं की पूर्ण कसं, मासखमण कुठं झालं?

"तिचं झालं," बाई म्हणाली. "गाणी म्हणायला आलात ना? मग या वर, म्हणा."

जिन्यात कुणाची तरी ढोलकी पायरीला लागून हलकीशी वाजली, आणि एकीनं वर चढायला पाऊल उचललं.